मनाचे खेळ आणि पोटाचे हाल

गळाने मासे धरायला निघालेल्या होडीत एक शूर गृहस्थ हटकून असतो. दुसऱ्याला बोट लागली की हा म्हणणार, "अहो, सगळे मनाचे खेळ!" या शूरांना माझा एकच सवाल आहे : नेल्सनचे मन कच्चे होते काय? त्या दर्याबहाद्दरालासुद्धा बोट लागत असे. डार्विन तर १८३१ ते १८३६ 'बीगल'वर याच दुखण्याने बेजार होता.

दोष मनाचा नव्हे, कानाचा! आतला कान ओरडतो, 'हलतोय!' आमिष लावण्यात गुंतलेले डोळे म्हणतात, 'छे, सारे स्थिर!' दोघांच्या भांडणात मार खाते पोट.

मालवणला आमच्या शूर मित्राने मला उपाशी नेले आणि ओकाऱ्या सुरू झाल्यावर गोळी दिली. ती थेट माशांना पोचली! अहो, गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी तासभर घ्यायची. थोडे कोरडे खायचे, दारू टाळायची, होडीच्या मध्यावर बसायचे. एवढे केले तर पौरुष कमी होते की काय?

तांडेलाने उपदेश केला नाही. मी काठावर ओणवा होताच त्याने मागून सदरा घट्ट धरला. तोल गेला असता तर मनाचे खेळ कायमचे संपले असते! मग घोटभर पाणी देऊन म्हणाला, "लांब बगा, खाली बगू नकात."

पुढे होडी नांगरली, डुलू लागली, आणि आमचे शूर मित्रही ओणवे झाले. जिभेवर आलेले वाक्य मी गिळले, आणि त्यांचा सदरा धरला.