तापातली लोहाची गोळी

सोमवारी वर्गात लोहाच्या निळ्या गोळ्या वाटत होतो. सातवीतल्या एका मुलीचा हात तापलेला लागला. आम्ही तिची गोळी बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी तिची अम्मी शाळेत आली. "पोरगी आधीच अशक्त, तापात तर ताकदीची गोळी द्यायला हवी ना?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर सगळ्याच घरांच्या उपयोगाचे आहे.

मोठ्या माणसाच्या शरीरात लोह असते जेमतेम तीन-चार ग्रॅम. त्यातले सुमारे दोन तृतीयांश रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असते. उरलेलेही शरीर मोकळे सोडत नाही. रक्तात ट्रान्सफेरिन हे प्रथिन ते धरून ठेवते, पेशींत फेरिटिन साठवते. कणगीतले धान्य उंदरांपासून झाकून ठेवावे तसे. कारण बहुतेक रोगजंतूंनाही वाढायला लोहच लागते.

जंतूही गप्प बसत नाहीत. काही जंतू लाल पेशी फोडून आतले लोह पळवतात. मेंदूज्वराचा एक जंतू थेट ट्रान्सफेरिनलाच पकडून त्यातले लोह ओढून घेतो. ई. कोलाय सिडेरोफोर नावाचे बारीक रेणू बाहेर सोडतो. ते लोहाला घट्ट चिकटतात आणि जंतू त्यांना परत आत घेतो. आपले शरीर लिपोकॅलिन हे प्रथिन सोडून असे रेणू वाटेतच अडवते. त्यावर टायफॉइडच्या जंतूची शक्कल पाहा: तो आपल्या सिडेरोफोरला ग्लुकोज जोडतो, मग लिपोकॅलिनला तो धरता येत नाही!

म्हणून जंतुसंसर्गात यकृत हेपसिडिन हे संप्रेरक वाढवते. आतड्यातून लोह शोषणे मंदावते, साठ्यातले लोह बाहेर पडत नाही. दारे अशी बंद असताना घेतलेली गोळी फारशी अंगी लागत नाही, आणि जास्तीचे लोह जंतूंच्या कामी येण्याची भीती असते. ताप, जुलाब, न्यूमोनिया असताना ही गोळी थांबवावी, असे सरकारी कार्यक्रमाच्या सूचनांतही आहे.

मात्र थांबवणे म्हणजे सोडून देणे नव्हे. रक्तक्षय असलेल्या मुलीला लोह हवेच. डॉक्टरांनी उपचार म्हणून गोळ्या दिल्या असतील, तर तापात काय करायचे ते त्यांनाच विचारावे. बरे वाटले की गोळी पुन्हा सुरू करावी. जेवणानंतर घ्यावी, पण चहासोबत नको.

पुढच्या सोमवारी त्या मुलीने स्वतःहून हात पुढे केला. हात गार होता. आम्ही गोळी दिली.