चाकूची मूठ निळी का केली



मागच्या आठवड्यात मी गोठ्यामागं चूल मांडून जुन्या स्टीलच्या डब्यात चाकूच्या मुठी रंगवत बसलो होतो. येणाऱ्या-जाणाऱ्यानं ठेवायची तेवढी नावं ठेवली. एकानं विचारलं, चाकूचं लगीन काढलंय का, हळद लावताय ते! हसून घेतलं. पण विषय चेष्टेवारी न्यायचा नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

माझ्याकडं डाळिंबाचे दोन प्लॉट आहेत. एकात तेल्या आहे, दुसरा अजून स्वच्छ. दोन्हीकडं खिशातले घडीचे चाकू वेगळे ठेवले होते, पण दोन्ही चाकू एकाच दुकानातले, एकाच मापाचे, काळ्या मुठीचे. खूण म्हणून एकाच्या मुठीवर ओरखडा काढलेला. गुटी बांधायच्या दिवशी बघतो तर गड्याच्या हातात ओरखड्याचा चाकू आणि तो उभा स्वच्छ प्लॉटमध्ये! तोवर त्यानं सात-आठ फांद्यांची साल गोल काढून झालेली. त्याला काय बोलणार? चिकानं आणि मातीनं ओरखडा बुजलेला होता. चूक माझीच.

पुढं त्या ओळीत चार झाडांवर डाग दिसले. ते त्याच चाकूनं आले असं मी शपथेवर सांगणार नाही. तेल्या पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनीही पसरतो, वाऱ्या-पावसात बांध ओलांडतो. पण जखमेतून जिवाणूला आत शिरायला सोपी वाट मिळते, आणि चाकू तर जखम करायलाच असतो. जे आपल्या हातात आहे तेवढं तरी करावं, एवढंच माझं म्हणणं.

आता कुणी म्हणेल, टेप गुंडाळ की. दोन वर्षं गुंडाळली. उन्हात टेपचा डिंक सुटतो, हात चिकचिकतो, आणि टेपच्या घडीत चीक-माती जाऊन बसते. ती काही केल्या निर्जंतुक होत नाही. ऑईलपेंटही लावून पाहिला. एका बहरात त्याचे पापुद्रे निघाले. रंग प्लॅस्टिकच्या अंगात मुरला तरच टिकतो, आणि त्यासाठी वर लावून भागत नाही, गरम पाण्यात मुरवावा लागतो.

इथं बहुतेकजण फसतात, मीही फसलो. पहिल्यांदा सुती कापडाचा रंग आणला. सोलापूरच्या टॉवेलला जो रंग चढतो तो नायलॉनला का चढणार नाही, असं वाटलं. नाही चढला. धुतला की मूठ पुन्हा पांढरी. मग रंगाच्या दुकानातल्या एका जाणत्या काकांनी समजावलं की नायलॉनची जात रेशीम-लोकरीच्या जवळची. त्याला ॲसिड रंग लागतो, म्हणजे पाणी आंबट असलं की जो धाग्याला धरतो तो. पॉलिस्टरवर आणि एबीएसवर डिस्पर्स नावाचा रंग चालतो, त्याला उष्णता जास्त लागते. आणि पॉलिप्रॉपिलीन म्हणजे आपल्या स्वस्त चाकूंच्या मुठीचं मेणचट प्लॅस्टिक, त्याला घरी कुठलाच रंग धरत नाही. तिथं वेळ घालवू नका.

ओळखायचं कसं? भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढतात, तसंच. मुठीच्या आतल्या बाजूचा बारीक कपचा खरवडून साध्या पाण्यात टाका. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर हवेचा बुडबुडा धरून तो खोटाच तरंगतो. तरंगला तर रंग विसरा. बुडाला तर नायलॉन किंवा एबीएस असण्याची आशा. नक्की नव्हे बरं का, काचतंतू घातलेलं पॉलिप्रॉपिलीनही बुडतं. म्हणून आधी त्या कपच्यावरच रंग करून बघा, मूठ नंतर.

माझी पद्धत सांगतो. मूठ स्क्रूनं बसवलेली असेल तर खोलून घ्या. रिव्हेटची असेल तर सगळा चाकू बुडवावा लागतो, मग नंतर पातं लगेच पुसून, सुकवून, सांध्यात तेल सोडायचं, नाहीतर गंज ठरलेला. उकळत्या पाण्यानं पात्याचं पाणी उतरेल ही भीती नको, पोलादाला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. मूठ साबणानं घासा, कारण बोटाचं तेल राहिलं तर तिथं रंगाचा डाग पडतो. एक लिटर पाण्यात पाव चमचा ॲसिड रंग आणि दोन चमचे पांढरं व्हिनेगर. पाणी खदखदू द्यायचं नाही, वाफ निघत राहील इतपत ठेवायचं. काडीनं सारखं हलवत राहा. दहा-पंधरा मिनिटांनी काढून बघा, मग गार पाण्यात धुवा. नायलॉन गरम असताना मऊ होतं, तेव्हा दाबू-पिळू नका. चकचकीत लाल मुठीचे जे परदेशी चाकू असतात, त्यांत सेल्युलोजचं प्लॅस्टिक असतं. ते या पाण्यात वाकडं होऊ शकतं, त्यांना हात लावू नका.

डबा मात्र कायमचा रंगाचाच. त्यात परत चहा नाही, जनावराचं पाणीही नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, आंबट पाण्यानं खराब होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाकू निर्जंतुक करायची हायपोक्लोराईटची बादली या व्हिनेगरच्या डब्याजवळसुद्धा नको. दोन्ही एकत्र झाले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि तो छातीत जातो.

आता रंग कुठला, यावर माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही. सगळे म्हणतात भगवा किंवा लाल, लांबून दिसतो. माळरानावर दिसत असेल. डाळिंबाच्या बागेत लाल म्हणजे फूल आणि फळ. पानगळ करून घेतली की खाली पिवळ्या पानांचा थर असतो, त्यात पिवळी मूठ शोधून दाखवा. शिवाय दिवेलागणीला डोळ्याला लाल रंग आधी काळवंडतो, आकाशी-हिरवट रंग उशिरापर्यंत उजळ दिसतो. चाकू पडतो तो नेमका त्याच वेळी, घाईघाईत डबे गोळा करताना. माझ्या एका गड्याला लाल आणि हिरवं वेगळं कळत नाही, हे मला दहा वर्षांनी कळलं! म्हणून स्वच्छ प्लॉटसाठी आकाशी. तेल्याच्या प्लॉटचा चाकू पांढराच ठेवला. गडद निळा करू नका, काळ्या रानात तो काळाच दिसतो. रंग कमी घ्या, मूठ लवकर बाहेर काढा.

आणि हे सगळं पांढऱ्या किंवा फिक्या मुठीलाच लागू. काळ्यावर कुठलाच रंग दिसत नाही. दुकानात मात्र दहातले नऊ चाकू काळे. कारण खोटं नाही. काळ्या प्लॅस्टिकमधल्या काजळीमुळं ते उन्हात लवकर फुटत नाही, आपल्या ठिबकच्या नळ्या म्हणून तर काळ्या असतात. पण नळी जमिनीवर पडून राहायची वस्तू आहे, चाकू पडला तर सापडायला हवा. गेल्या वर्षी पाल्यात हरवलेला एक चाकू पॉवर वीडरच्या पात्यात आला आणि उडून माझ्या पुतण्याच्या पायाशेजारून गेला. पांढऱ्या मुठीला कंपनीला किती जादा खर्च येईल? कृषी सेवा केंद्रात पांढरी मूठ मागत राहा, चार जणांनी मागितली की दुकानदार आणतो.

तक्रारी येतील म्हणून आधीच सांगतो. घरचा रंग कायमचा नाही. माझी मूठ एका बहरात थोडी उतरलीय, अंगठ्याखाली जास्त. हायपोक्लोराईटनं रंग उडतो आणि नायलॉनही खराब होतं, म्हणून एक टक्क्याच्या द्रावणात फक्त पातं बुडवायचं. बाटली चार टक्क्यांची असेल तर एक भाग द्रावण आणि तीन भाग पाणी. नंतर पातं साध्या पाण्यात धुवायचं, कारण हे द्रावण पोलादही खातं. मूठ स्पिरिटच्या फडक्यानं पुसायची. आधी फडक्याच्या टोकानं पुसून बघा, रंग लागला तर मूठ पुन्हा धुवा. आणि झाडागणिक पातं बुडवायचं ते बुडवायचंच. निळ्या मुठीनं तेल्या मरत नाही.

कात्रीच्या मुठींवर अजून प्रयोग केला नाही, त्यांच्यावर मऊ रबराचं आवरण असतं आणि ते गरम पाण्यात सुटेल अशी भीती वाटते. कुणी केला असेल तर खाली फोटो टाका, मूठ कुठल्या प्लॅस्टिकची होती तेही लिहा.