जुन्या गाडीचा एसी : गॅस बदला, पण काम अर्धवट नको

जुन्या मोटारीचा एसी थंडावा देत नाही, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक गॅरेजमध्ये आले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : "गॅस संपलाय, भरून देतो." तासाभरात गॅस भरला जातो, पैसे हातात पडतात आणि गाडी बाहेर पडते. चार महिन्यांनी तीच गाडी परत येते. या वेळी कॉम्प्रेसर जाम झालेला असतो आणि मालकाचा आवाज चढलेला असतो. मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजाचे हजारो कारागीर आहेत. म्हणून या एका कामाबद्दल आम्हाला स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते.

हा प्रश्न मुख्यतः १९९० च्या दशकातील आणि त्याआधीच्या गाड्यांचा आहे. कॉन्टेसा, मारुती १०००, प्रीमियर ११८ एनई अशा गाड्या आज शौकीन मंडळी जपून ठेवतात, रंगवून घेतात आणि त्यांचा एसी चालू करून मागतात. त्या काळच्या एसीत आर-१२ हा गॅस असे. आज बाजारात सहज मिळतो तो आर-१३४ए. दोन्हींचे काम एकच असले तरी स्वभाव वेगळा आहे आणि सारा घोळ इथेच होतो.

जुना गॅस का गेला?

आर-१२ हा क्लोरीन असलेला गॅस. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की असे गॅस वातावरणात खूप वर जाऊन फुटतात आणि त्यांतील क्लोरीन ओझोनचा थर खातो. १९८७ मध्ये मॉन्ट्रिअल येथे जगातील देशांनी हे गॅस टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार केला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला, २००० साली सरकारने नियम केले आणि १ ऑगस्ट २००८ पासून, दम्याच्या औषधी पंपांसारखा अपवाद सोडता, आपल्याकडे या गॅसचे उत्पादन थांबले. या कराराचा उपयोगही झाला. २०२३ च्या आरंभी आलेल्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार, आजची धोरणे टिकली तर जगाच्या बहुतांश भागावरील ओझोनचा थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल.

तेव्हा कोणी "ओरिजिनल आर-१२ आहे, स्वस्तात देतो" म्हणून सिलिंडर पुढे केला तर कारागिराने आधी संशय घ्यावा. बनावट गॅस ही केवळ पैशाची फसवणूक नसते. २०११ मध्ये मालवाहू जहाजांवर वापरल्या जाणाऱ्या शीतपेट्यांमध्ये भेसळीचा गॅस भरला गेला. त्यातील मिथाइल क्लोराइडची अॅल्युमिनियमशी प्रक्रिया झाली, कॉम्प्रेसर फुटले आणि कामगार जिवाला मुकले. मोटारीच्या एसीतही अॅल्युमिनियम भरपूर असते, हे विसरू नये.

नुसता गॅस भरून का भागत नाही?

पहिले कारण तेल. आर-१२ बरोबर खनिज तेल चालत असे. ते गॅसमध्ये मिसळून सगळ्या नळ्यांतून फिरायचे आणि कॉम्प्रेसरकडे परत यायचे. आर-१३४ए मध्ये खनिज तेल मिसळतच नाही. ते कूलिंग कॉइलमध्ये आणि नळ्यांच्या वळणांत साचून राहते, कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि शेवटी जाम होतो. म्हणून जुने तेल काढून पॅग किंवा एस्टर जातीचे तेल घालावे लागते. रूपांतराच्या कामात एस्टर तेल अधिक सोयीचे, कारण मागे राहिलेले थोडे खनिज तेल आणि क्लोरीनचा अंश ते सहन करते. दोन्ही तेले हवेतील ओल झपाट्याने ओढतात. डबा उघडा ठेवून चहाला जाण्याची सवय इथे महागात पडते.

दुसरे कारण ड्रायर. जुन्या ड्रायरमधील ओल शोषणारे दाणे नव्या गॅससाठी बनलेले नाहीत. एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ जातीचे दाणे असलेला नवा ड्रायर बसवणे भाग आहे. त्याची किंमत कॉम्प्रेसरच्या मानाने अगदी किरकोळ आहे, तरीही सर्वांत जास्त टाळाटाळ याच ठिकाणी होते. जो जो जोड उघडला जाईल तेथील ओ-रिंगही बदलावी आणि ती नव्या गॅसला चालणाऱ्या एचएनबीआर रबराची असावी. होज पाइप कडक झाले असतील, भेगा पडल्या असतील तर तेही बदलावेत.

तिसरे कारण दाब. कंडेन्सरमध्ये गॅस ६० अंशांवर असेल तर आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा सुमारे दहा टक्के जास्त असतो. मे महिन्यात नागपुरात किंवा जालन्यात सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीत हा फरक लगेच जाणवतो. कंडेन्सरच्या जाळीत माती बसलेली, पंखा मंद झालेला, अशा गाडीत नवा गॅस भरला तर थंडावा कमी आणि कॉम्प्रेसरवर ताण अधिक. म्हणून आधी जाळी धुवावी, पंखा तपासावा, गरज असेल तर मोठा कंडेन्सर सुचवावा. दाब हद्दीबाहेर गेल्यास कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच नसेल तर तो बसवावा.

उस्तादांच्या जुन्या सवयी

आपल्या अनेक उस्तादांनी हे काम आर-१२ वर शिकून शागिर्दांना शिकवले. त्यांच्या हातातील कसब खरे आहे, त्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण त्यातील काही सवयी नव्या गॅसला लागू पडत नाहीत.

पूर्वी ड्रायरवरच्या काचेतून बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत गॅस भरायचा, हा नियम होता. आर-१३४ए मध्ये त्या काचेवर भरवसा ठेवता येत नाही. गॅस पुरेसा असूनही काच धूसर दिसू शकते आणि ती स्वच्छ करण्याच्या नादात गॅस जास्त भरला जातो. नवा गॅस वजनाने भरावा. जुन्या मापाच्या ८० ते ९० टक्के भरला की पुरे. तेव्हा गॅरेजमध्ये वजनकाटा हवाच.

पूर्वी ज्योतीच्या दिव्याने लीकेज शोधत असत. तो दिवा क्लोरीन ओळखतो आणि आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही. दिव्याचा रंग बदलला नाही म्हणजे लीकेज नाही, असा निष्कर्ष काढणारा स्वतःची फसगत करून घेतो. साबणाचे पाणी किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर वापरावा. लीकेज पाहण्यासाठी दाब द्यायचा तो कोरड्या नायट्रोजनचा. ऑक्सिजन तर चुकूनही लावू नये. तेलाशी त्याचा संबंध आला की स्फोट होतो. टायरच्या हवेचा कॉम्प्रेसरही नको. त्याने आत ओल जाते, शिवाय दाबाखाली भरपूर हवा मिसळली की आर-१३४ए सुद्धा पेट घेऊ शकतो.

व्हॅक्यूम पंप पाच मिनिटे फिरवून काम भागवणे हीदेखील अशीच एक सवय. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत पंप निदान अर्धा-पाऊण तास चालला पाहिजे. नंतर तो बंद करून काटा जागेवर राहतो का, हे पाहावे. आत राहिलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते आणि पुढे तिचेच आम्ल होऊन धातू खाल्ला जातो.

आज येणाऱ्या जुन्या गाडीची आणखी एक अडचण आहे. ती तीन-चार मालकांच्या आणि पाच-सहा गॅरेजांच्या हाताखालून गेलेली असते. आत शुद्ध आर-१२ आहे, आर-१३४ए आहे की दोन्हींची खिचडी, हे कळत नाही. दोन्ही मिसळले तर दाब त्या प्रत्येकापेक्षा वाढतो. आत काय आहे याची खात्री नसेल तर सगळा गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यावा आणि नव्याने सुरुवात करावी. तो हवेत सोडून देणे सोपे आहे, पण ज्या कारणासाठी जगाने हा गॅस बंद केला त्याच कारणावर ते पाणी सोडणे होय.

काम पूर्ण झाल्यावर जुन्या आट्यांच्या नळ्यांवर नव्या गॅसचे झटपट बसणारे जोड कायमचे बसवावेत. बॉनेटखाली चिठ्ठी चिकटवावी : कोणता गॅस, किती वजन, कोणते तेल, कोणती तारीख. पुढच्या कारागिराचे निम्मे काम ही चिठ्ठी करते.

धंद्याचा हिशेब

यावर आमचे कारागीर बांधव म्हणतील, "हे सगळे ठीक, पण गिऱ्हाईक इतके पैसे देत नाही. शेजारचा निम्म्या पैशात करून देतो." ही अडचण खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. तरीही आमचे मत असे की, पूर्ण काम परवडत नसेल तर गिऱ्हाइकाला एसी बंद ठेवण्याचा सल्ला द्यावा, पण अर्धवट काम करून पूर्ण कामाचे नाव देऊ नये. दुसऱ्याची गाडी आपल्या हाती असते तोवर ती अमानत असते. आतला ड्रायर बदलला की नाही हे मालकाला दिसत नाही. जे दिसत नाही तेच नीट करणे, यावरच कारागिराची साख उभी राहते.

निम्म्या दराच्या मागे कधी कधी आणखी एक धोका असतो. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वलनशील गॅस भरण्याचा मोह होतो. तो थंडावा चांगला देतो, यात शंका नाही. पण मोटारीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागे, म्हणजे माणसे बसतात त्याच जागेत असते. लीकेज झाले आणि एक ठिणगी पडली तर त्याचा जाब कोण देणार? त्या गॅससाठी न बनलेल्या गाडीत तो भरूच नये.

गिऱ्हाइकाशी व्यवहार आधी बोलून व्हावा. नव्या गॅसवर थंडावा पूर्वीपेक्षा थोडा कमी वाटू शकतो, हे काम हाती घेण्यापूर्वीच सांगावे. बिलावर ड्रायर, तेल, ओ-रिंग, गॅसचे वजन असे वेगवेगळे लिहावे आणि काढलेला जुना ड्रायर मालकाच्या हातात द्यावा. पैसे कशाचे गेले हे दिसले की घासाघीसही कमी होते.

गॅस काढून घेणारे मशीन एकट्या छोट्या गॅरेजला महाग पडते. एका गल्लीत चार-पाच गॅरेजे असतील तर त्यांनी ते भागीदारीत घ्यावे, वापराची वही ठेवावी. आखातात वर्षानुवर्षे एसीचे काम करून परतलेले कोकणातील मेकॅनिक आपल्यात आहेत. त्यांना बोलावून शागिर्दांचे चार रविवार भरवले तर खर्च काहीच नाही.

कारण बदल इथेच थांबणार नाही. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डाय ऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तो चालत नाही. तेथे मुख्यतः आर-१२३४वायएफ आला आहे. तो महाग आहे आणि थोडा ज्वलनशीलही. किगाली येथे २०१६ मध्ये झालेल्या कराराला भारताने २०२१ साली मान्यता दिली. त्यानुसार आपल्याकडे आर-१३४ए च्या जातीच्या गॅसवर २०२८ पासून मर्यादा येईल आणि २०३२ पासून कपात सुरू होईल. २०१९ च्या सरकारी शीतकरण आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. अशा वर्गांत आपली मुले किती गेली, याचा विचार प्रत्येक मोहल्ल्याने करावा.

आर-१२ गेला तेव्हा ज्यांनी वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप घेतला नाही, त्यांची नवी गिऱ्हाइके कंपन्यांच्या सर्व्हिस स्टेशनकडे वळली. पुढचा बदल त्याहून अवघड असेल. जुनी गाडी नीट, सांगून-सवरून, लिहून देऊन दुरुस्त करण्याची शिस्त आज ज्या गॅरेजमध्ये लागेल, तेच गॅरेज उद्याच्या गाडीलाही हात लावू शकेल.