ग्रॅम मोजण्याआधी किलो ठरवा

ताट आणि तब्येत : साप्ताहिक स्तंभ

घरात कुणाला क्षयाचं औषध सुरू झालं, केमोथेरपीची तारीख मिळाली किंवा एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या लागल्या, की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे एक सल्ला तयार असतो : ‘प्रोटीन वाढवा.’ किती वाढवायचं, हे विचारलं की मतं फुटतात. एक डॉक्टर किलोमागे एक ग्रॅम सांगतात, दुसरे दीड. मेडिकलवाला पावडरचा डबा पुढे सरकवतो. घरातलं जुनं माणूस ‘डाळ वातूळ, अंडं उष्ण’ म्हणून उरलंसुरलं ताटही रिकामं करतं. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला किती प्रथिनं लागतात, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत आणि ते समजून घ्यायला हवेत. पण परभणीसारख्या जिल्ह्यात हा वाद बहुतेक वेळा चुकीच्या जागी घातला जातो, असं माझं मत आहे. आपण ग्रॅमवर भांडतो. ते ग्रॅम कोणत्या किलोमागे धरायचे आणि त्यांच्या जोडीला पोटात आणखी काय जाणार, हे दोन प्रश्न आधीचे आहेत आणि ते कुणी विचारत नाही.

आधी आकडे पाहू. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सुचवली. ६५ किलोच्या पुरुषाला हे ५४ ग्रॅम होतात. कर्करोगाच्या रुग्णासाठी युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची शिफारस किमान १ आणि जमल्यास दीड ग्रॅमची आहे. क्षयरुग्णासाठी भारताच्या क्षयरोग कार्यक्रमाने २०१७ च्या मार्गदर्शिकेत १.२ ते १.५ ग्रॅम सांगितले. मूत्रपिंडाचा जुना आजार असून डायलिसिस सुरू नसेल, तर हाच आकडा ०.६ च्या आसपास खाली येतो आणि डायलिसिस सुरू झालं की पुन्हा १ ते १.२ वर जातो. एचआयव्हीबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच सांगितलं होतं, की ऊर्जेची गरज लक्षणं नसताना १० टक्के आणि लक्षणं असताना २० ते ३० टक्के वाढते, पण जेवणातला प्रथिनांचा वाटा वाढवावा असा पुरावा नाही. वरवर पाहता ही मतं एकमेकांना छेद देतात. प्रत्यक्षात प्रत्येक आकडा वेगळ्या आजाराच्या, वेगळ्या शरीराच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘प्रतिकारशक्ती कमी’ हा एकच आजार असल्यासारखा सर्वांना एक आकडा वाटणं, हीच पहिली चूक.

दुसरी चूक किलोची. छत्तीसगडमधल्या गनियारी इथल्या ग्रामीण रुग्णालयात २००४ ते २००९ या काळात निदान झालेल्या क्षयरुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळी पुरुषांचं मध्यक वजन ४२ किलो आणि बायकांचं ३४ किलो भरलं. आता पाच फूट चार इंच उंचीच्या आणि ४२ किलो वजनाच्या एखाद्या शेतमजुराचा हिशेब करा. आजच्या वजनाला निरोगी माणसाचा आकडा लावला, तर त्याला ३५ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं कागदावर निघतं. त्याच्या उंचीला शोभेल असं वजन ५५ किलोच्या आसपास आहे. त्याला क्षयरोग कार्यक्रमाचा आकडा लावला, की गरज ६६ ते ८२ ग्रॅमवर जाते. माणूस तोच, पण वजन आणि आकडा दोन्ही बदलले, की उत्तर जवळपास दुप्पट झालं. १.२ की १.५ या वादाने जेवढा फरक पडतो, जवळपास तेवढाच फरक वजन कोणतं धरायचं यावरूनही पडतो. वाळलेल्या शरीराच्या आजच्या वजनाला प्रमाण मानणं म्हणजे त्याचं वाळणं मान्य करणं. म्हणून मोजमाप रुग्णाच्या अपेक्षित वजनावर व्हायला हवं. क्षयरोग कार्यक्रमाच्या मार्गदर्शिकेने ऊर्जेचा हिशेबही अपेक्षित वजनाच्या किलोमागे ४० किलोकॅलरी असाच धरला आहे.

ऊर्जेचा उल्लेख इथे सहज आलेला नाही. पोटभर अन्न नसेल तर शरीर आलेली प्रथिनं स्नायू आणि प्रतिपिंडं घडवायला वापरत नाही, जाळून टाकतं. क्षयात हे आणखी तीव्र होतं. मॅकॅलन आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या अभ्यासात दिसलं, की क्षयरुग्ण जेवणातून आलेल्या प्रथिनांचा मोठा भाग ऊर्जेसाठी खर्च करतात आणि शरीर भरून काढायला कमी वापरतात. याचा सरळ अर्थ असा, की सकाळी पावडरचे दोन चमचे आणि दिवसभर एक भाकरी हा आहार प्रथिनयुक्त दिसतो, पण काम करत नाही. धान्य, तेल, गूळ आणि शेंगदाणे यांनी ऊर्जेची बाजू सांभाळली, तरच डाळीतली आणि अंड्यातली प्रथिनं त्यांच्या कामाला मोकळी होतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की जागतिक आरोग्य संघटनाच क्षयरुग्णाला जास्त टक्के प्रथिनं द्या असं म्हणत नाही, मग १.२ ते १.५ चा आग्रह कशाला? आक्षेप रास्त आहे. संघटनेचं म्हणणं जेवणातल्या प्रमाणाबद्दल आहे : एकूण ऊर्जेपैकी १५ टक्के किंवा त्याहून जास्त प्रथिनांतून यावी, हे निरोगी माणसाइतकंच रुग्णालाही लागू. आता आपल्या ५५ किलो अपेक्षित वजनाच्या माणसाला २२०० किलोकॅलरी लागतात. त्याचे १५ टक्के म्हणजे ३३० किलोकॅलरी, आणि प्रथिनाच्या एका ग्रॅमला चार धरल्या तर ८२ ग्रॅम. दोन्ही शिफारशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. प्रमाण तेच ठेवून जेवण पुरेसं केलं, की ग्रॅम आपोआप वाढतात. भांडण आहे ते फक्त अर्धपोटी माणसाला प्रथिनांची पूड देऊन पोषण झालं असं मानणाऱ्यांशी.

दुसरा आक्षेप मूत्रपिंडाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मधुमेह आणि रक्तदाब आता गावोगावी आहेत. मधुमेही माणसाला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो. अशा रुग्णाचं क्रिएटिनिन न तपासता ‘प्रोटीन वाढवा’ सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. पण मूत्रपिंडं धड असलेल्या माणसाला दीड ग्रॅमने अपाय होतो, असं मानायला आधार नाही. उत्तर तपासणीत आहे, सरसकट भीतीत नाही. पावडरीबद्दलही हाच न्याय लावावा. अन्ननलिकेच्या कर्करोगाने गिळता येत नाही, केमोने तोंड सोललं आहे, अशा माणसाला डॉक्टरांनी पातळ पूरक आहार दिला तर तो योग्यच. चालत्याबोलत्या, भाकरी चावू शकणाऱ्या रुग्णाने मात्र महागडा डबा घेण्याचं कारण नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही सर्वसामान्यांना प्रथिनांच्या पावडरींपासून सावध केलं आहे.

तिसरा आक्षेप दर्जाचा : शाकाहारी प्रथिनं कमअस्सल, मांसाशिवाय भागणार नाही. यात अर्धं सत्य आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल फार कमी असतं आणि शिजवल्यावर तिची प्रथिनं पचायलाही जड जातात. पण डाळीत लायसिन भरपूर असतं आणि तिच्यातली उणीव धान्य भरून काढतं, म्हणून वरण आणि भाकरी एकत्र येणं हा नुसता चवीचा प्रश्न नाही. शिवाय या बाबतीत परभणी उपाशी नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला. त्यात लोह आणि जस्त जास्त आहे, प्रथिनं सुमारे १२ टक्के आहेत आणि खनिजं अडवून धरणारं फायटेट कमी आहे. साध्या ज्वारीनेही हिशेब जुळतो. दिवसभरात ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरींतून ३० ग्रॅम, ६० ग्रॅम तूरडाळीतून १३, ५० ग्रॅम फुटाण्यांतून ११, मूठभर शेंगदाण्यांतून ७, एका अंड्यातून ६ आणि पेलाभर दुधातून ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. बेरीज ७४ ग्रॅम. त्यावर थोडं तेल, गूळ आणि भाजी आली की ऊर्जाही २२०० किलोकॅलरीच्या जवळ पोहोचते. अंडं चालत नसेल तर त्या जागी आणखी थोडी डाळ किंवा दही घेता येईल. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी एक पथ्य मात्र कडक पाळावं : मोड आलेली कडधान्यं कच्ची खाऊ नयेत, उसळ करूनच खावी. अंडं पूर्ण उकडलेलं असावं आणि दूध तापवलेलं. सोयाबीनही नीट भाजून किंवा शिजवूनच वापरावं, कारण कच्च्या दाण्यातले घटक प्रथिनांच्या पचनातच अडथळा आणतात.

खरा अडसर इथून पुढे आहे आणि तो पैशाचा आहे. क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत रुग्णाला २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले, म्हणजे दिवसाला ३३ रुपये. ज्यांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी आहे त्यांना पहिले दोन महिने ऊर्जायुक्त पूरक आहार देण्याचंही तेव्हाच ठरलं. वाढ स्वागतार्ह आहे. पण खात्यात आलेली रक्कम घराच्या खर्चात मिसळते, डाळीवरच खर्च होईल याची खात्री नसते. रेशनवर अंत्योदय सोडून माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं, पण ते गहू, तांदूळ अशा तृणधान्यांतच. डाळ नियमित मिळत नाही. म्हणजे सरकार ऊर्जेची बाजू काही प्रमाणात सांभाळतं आणि प्रथिनांची बाजू बाजारावर सोडतं. त्याच वेळी जिल्ह्याच्या मोंढ्यांतून सोयाबीन पोत्यांनी बाहेर जातं. त्याचं तेल निघतं आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. जिथे प्रथिनं पिकतात तिथल्याच रुग्णाच्या ताटात ती नसावीत, ही अवस्था निसर्गाने आणलेली नाही.

धान्याची टोपली खरंच उपयोगी पडते का, याचं उत्तर झारखंडमध्ये मिळालं आहे. तिथल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात ‘रेशन्स’ नावाची चाचणी झाली. फुप्फुसाच्या क्षयाच्या २८०० रुग्णांना महिन्याला दहा किलोची टोपली दिली गेली : तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, दूधपावडर आणि तेल. त्यातून दिवसाला १२०० किलोकॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं मिळत होती. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी आढळला. कुणी म्हणेल, वजन वाढलं म्हणून माणसं वाचली की बरी होत होती म्हणून वजन वाढलं? शंका बरोबर आहे, कारण टोपली सर्वच रुग्णांना मिळाली होती, तुलनेला गट नव्हता. पण त्याच चाचणीत घरातल्या माणसांचे दोन गट केले होते. ज्यांच्या घरी महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ जात होती, त्या कुटुंबांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी आणि थुंकीच्या तपासणीने सिद्ध झालेले क्षयरुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. गरीब घरात रुग्णाची टोपली एकट्या रुग्णाची राहत नाही. पोरांच्या ताटात वाढून झाल्यावर आई शेवटी जेवते, आणि रुग्ण तीच असेल तर तिच्यासाठी मोजलेले ७४ ग्रॅम तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून रुग्णाच्या प्रथिनांचा प्रश्न घराच्या प्रथिनांपासून वेगळा काढता येत नाही.

‘एवढा खर्च कुणी करायचा?’ हा शेवटचा आक्षेप. उपचार अर्धवट सुटला, क्षय उलटला, औषधाला दाद न देणारा झाला, तर त्याचा खर्च सरकारलाच सोसावा लागतो आणि तो डाळीच्या टोपलीपेक्षा जास्त असतो. निक्षय मित्र योजनेत सप्टेंबर २०२२ पासून व्यक्ती, संस्था आणि कारखान्यांना रुग्ण दत्तक घेऊन टोपली देता येते. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेडच्या बाजार समित्या, व्यापारी आणि सहकारी संस्था ठरवतील तर आपल्या तालुक्यातल्या रुग्णांच्या घरी सहा महिने तूर, हरभरा आणि शेंगदाणे पोहोचवणं त्यांच्या आवाक्यात आहे. मात्र सरकारचं काम मित्रांवर ढकलून चालणार नाही. क्षयरुग्णाच्या रेशनकार्डावर उपचार संपेपर्यंत घरातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला दीड किलो डाळ, ही मागणी जिल्ह्याने राज्याकडे करायला हवी.

आणि रुग्णाच्या घरच्यांना एवढंच सांगणं : ग्रॅमचे तक्ते बाजूला ठेवा. आरोग्य केंद्रात पहिल्याच दिवशी आजचं वजन आणि उंचीप्रमाणे असायला हवं ते वजन, दोन्ही कार्डावर लिहून मागा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. मग भाकरी पोटभर, वरण घट्ट, दिवसातून एकदा उसळ आणि जमेल तसं अंडं किंवा दूध द्या. दर पंधरा दिवसांनी वजन करा. दोन महिन्यांत काटा वर सरकला नाही, तर डब्याच्या दुकानात जाऊ नका, डॉक्टरांकडे जा.