गिरणगावच्या आठवणी कुणाच्या?

गिरणगावच्या आठवणींना अलीकडे बरे दिवस आले आहेत. दिवाळी अंकांत लेख येतात, नाटकं होतात, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये जुनी चिमणी शोभेला ठेवली जाते. भोंगा, चाळीचा कठडा, व्यायामशाळा, लेझीम, भजनी मंडळ, कामगार रंगभूमी, गणपतीतली जागरणं. वाचताना माझाही जीव गलबलतो, कारण मी त्याच वस्तीत वाढले. पण लेख संपला की दर वेळी एकच प्रश्न पडतो. हे सगळं चाललेलं असताना आमच्या आया काय करत होत्या?

आमची लालबागची खोली दहा बाय बाराची. वडील, दोन चुलते, वाळवा तालुक्यातले गाववाले तिघं, आई आणि आम्ही भावंडं. गिरणी तीन पाळ्यांत चालायची. सकाळी सात, दुपारी साडेतीन आणि रात्री बारा. पुरुषांच्या पाळ्या तीन, आणि त्या तिन्ही पाळ्या एकट्या आईच्या. कुणी जेवून निघायचा, कुणी येऊन जेवायचा, कुणाचा डबा भरायचा. नळाला पाणी पहाटे यायचं, तेव्हा रांगेत हंडे तिचे. रात्रपाळीचे पुरुष दिवसा झोपायचे, म्हणून आम्ही दिवसभर गॅलरीत. अभ्यास तिथं, भांडण तिथं, वेणीफणी तिथं. हळू बोलायला मी शाळेत जाण्याआधी शिकले. घरात सगळ्यांत मोलाची वस्तू कोणती म्हणाल तर पुरुषांची झोप. आई कधी झोपते हा प्रश्न कुणालाच पडत नव्हता, आणि मलाही तो बऱ्याच उशिरा, स्वतःचा संसार सुरू झाल्यावर पडला.

तरीही मी म्हणेन की ते दिवस चांगले होते. सगळी वस्ती एका भोंग्यावर उठायची, त्यामुळे कुणाचं दुःख लपून राहत नसे. मध्यरात्री दुसरी पाळी सुटली की रस्ते माणसांनी फुलायचे. बारा वाजता एकटी बाई रस्त्यावर दिसली तर कुणी वळून बघत नसे. नवऱ्याने हात उगारला तर शेजारणी दार वाजवायच्या. (सगळ्याच वाजवायच्या नाहीत. काही कडी लावून घ्यायच्या, तेही मला आठवतं.) बायकांच्या गळ्यातला मोर्चा मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. महागाईविरुद्धचं १९७२ नंतरचं आंदोलन, मृणालताई, अहिल्याताई, लाटणी घेऊन निघालेल्या बायका. आमच्या मजल्यावरच्या बायका कणीक भिजवून ठेवून मोर्चाला जात आणि पाळी सुटायच्या आत परतत.

शेजारच्या खोलीतल्या मावशी वायंडिंग खात्यात होत्या. पगाराचं पाकीट स्वतःच्या हातात घेणारी मी पाहिलेली ती पहिली बाई. माझ्या लहानपणी अशी बाई अपवाद होती, पण मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीपासून तसं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीतल्या दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई असे. रीळ आणि वायंडिंग खाती त्यांच्याच बळावर चालत. मग १९११ च्या कायद्याने बायकांची रात्रपाळी बंद झाली. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला. दोन्ही कायदे बायकांच्या भल्याचे म्हणून आणले गेले, आणि मालकांनी हिशेब केला की आता बाई महाग पडते. पाठोपाठ नवी यंत्रं आली, कामाचा वेग वाढवला गेला आणि पहिली छाटणी बायकांची झाली. १९८० च्या आसपास त्या शंभरात पाचसुद्धा उरल्या नव्हत्या. पार्वतीबाई भोर आणि उषाताई डांगे यांच्यासारख्या लढाऊ पुढारी या बायकांमधून आणि बायकांसाठी उभ्या राहिल्या, तरी युनियनच्या मागण्यांत कामगार म्हणजे पुरुष, हे समीकरण पक्कं होत गेलं. गिरणगावच्या ऱ्हासाची गोष्ट १९८२ पासून सांगायची पद्धत आहे. बायकांच्या बाजूने सांगायची तर ती पन्नास वर्षं आधी सुरू होते.

गिरणीतून बाहेर फेकलेली बाई चुलीपाशी गेली आणि खाणावळवाली झाली. दहा-पंधरा गडी जेवायला, त्यांची उधारी, वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेच्या दारात उभं करण्यासाठी. गिरण्यांचा संप टिकला तो कुणाच्या उधारीवर, याचा हिशेब मात्र कुठल्याच युनियनच्या अहवालात मांडलेला मी पाहिला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्षभर आम्ही वाट पाहिली, मग १९८३ मध्ये ट्रंका बांधल्या आणि पेठ नाक्यावर उतरलो. तेव्हापासून मी इस्लामपूरकर. (२०२५ मध्ये सरकारने गावाचं नाव ईश्वरपूर करायचं ठरवलं. तिकडे बिल्डरांनी लोअर परळचं अप्पर वरळी केलं. माझ्या तोंडी दोन्हीकडची जुनीच नावं बसली आहेत.)

इथं आल्यावर गिरणगावची दुसरी बाजू दिसली. अण्णाभाऊ साठे आमच्या तालुक्यातल्या वाटेगावचे. तेही मुंबईला गेले, गिरणीत राबले, आणि गावाकडे राहिलेल्या मैनेची त्यांची लावणी साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. ती लावणी जाणाऱ्याच्या तोंडची आहे. मैनेच्या तोंडचं ऐकायचं तर या भागातल्या सत्तरीपुढच्या कुठल्याही बाईजवळ बसा. वर्षाकाठी एकदा येणारा नवरा, मनीऑर्डर आली तर आली, सासू-सासऱ्यांचं करणं, दुसऱ्याच्या रानात भांगलण. आणि काहींच्या वाट्याला एक दिवस कळलेली बातमी, की मुंबईत त्याने दुसरं घर केलं आहे. चाळीत ज्यांना आम्ही काकू म्हणत होतो, त्यांतल्या एखादीच्या मागे गावाकडे दुसरी काकू असू शकते, हे मला इथं येऊन उमगलं. संपानंतर परतलेल्या गिरणी कामगारांनी शेजारच्या खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली, दुष्काळाचा प्रश्न हाती घेतला, पुढे येरळेवर बळीराजा धरण बांधलं. हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो, सांगावाच. पण कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी परित्यक्तांना संघटित केलं, रेशनकार्ड आणि जमिनीच्या तुकड्यासाठी भांडायला शिकवलं, तोही याच इतिहासाचा भाग आहे. टाकलेल्या बायका काही आभाळातून पडल्या नव्हत्या.

आता मुद्दा असा, की हा जुन्या आठवणींचा विषय राहिलेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांची जमीन विकायची वाट मोकळी केली, तेव्हा तिचे तीन वाटे ठरले. पालिकेला एक, म्हाडाच्या घरांना एक, मालकाला एक. २००१ मध्ये नियम बदलून हे वाटे फक्त मोकळ्या जमिनीपुरते केले गेले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. कामगारांच्या वाट्याचा तुकडा आणखी आखडला. तरी झगडून २०१२ पासून सोडती निघाल्या, सव्वादोनशे चौरस फुटांची घरं मिळू लागली. बाकीच्यांना शेलू-वांगणीकडे पाठवण्याचा घाट घातला गेला, त्याला विरोधही झाला. या सगळ्यात हक्कदार कोण? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असलेला कामगार, नाही तर त्याचे वारस. पुरावा म्हणजे तिकीट नंबर, फंडाचा उतारा, हजेरी, ई.एस.आय.चं कार्ड.

त्याआधीच काढून टाकलेल्या वायंडिंगवालीला तिकीट उरलं नाही, खाणावळवालीला ते कधीच नव्हतं. आणि गावाकडच्या पहिल्या बायकोकडे? तिच्या ट्रंकेत लग्नाचा कागद नाही, मुंबईच्या रेशनकार्डावर दुसरीचं नाव. माझ्या ओळखीच्या एका बाईला एका कार्यालयात सांगण्यात आलं, वारसाचा दाखला आणा. दाखल्यासाठी दीर सही देईना. ती सात हेलपाटे घालून थकली. मुंबईतली दुसरी बाई तरी सुखात आहे का? वीस वर्षं त्याचा संसार रेटून तीही कायद्याने कुणीच नाही. या दोघींना एकमेकींच्या वैरिणी करून मोकळं होणं सोपं आहे, आणि नेमकं तेच चाललेलं आहे.

माझं म्हणणं असं, की घर मिळेल तेव्हा ते पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावं. जमिनीबाबत शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीत हे करून दाखवलं, मग घराला काय अडचण आहे? परित्यक्तेचा वारसाहक्क गावच्या पंचनाम्यावर आणि शेजाऱ्यांच्या साक्षीवर मान्य व्हावा. आणि गिरणी कामगारांच्या संघटनांनी खाणावळवाल्यांना कामगार म्हणून यादीत घ्यावं. निदान मागणी तरी करावी. ती मान्य होणार नाही हे मलाही कळतं. पण १९८२ च्या संपाच्या मागण्या तरी कुठं मान्य झाल्या होत्या, म्हणून कुणी त्या चुकीच्या म्हणतं का?

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणात काम करणाऱ्या मैत्रिणींनी एवढं करावं. आपापल्या गावात ज्यांचे नवरे गिरणीत होते अशा बायकांकडे जाऊन बसावं. मनीऑर्डरच्या पावत्या, पोस्टकार्डं, चाळीच्या पत्त्याची पाकिटं ट्रंकांच्या तळाशी अजून आहेत. पाकिटावर बायकोचं नाव लिहिलेलं असतं, तारखेचा शिक्का असतो. एका म्हातारीने मला असा अख्खा गठ्ठा काढून दाखवला, सुतळीने बांधलेला. वाचता येत नसूनही तिने एकही पत्र टाकलेलं नव्हतं. त्यांच्या झेरॉक्स काढायला आम्ही सुरुवात केली आहे.