सहल लक्षात कशाने राहते?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, की आमच्या जाफराबादच्या दवाखान्यात एक वेगळ्याच प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. त्यांना काहीही झालेले नसते. ‘‘डॉक्टरसाहेब, परवा निघतोय. उलटीच्या, जुलाबाच्या, तापाच्या गोळ्या लिहून द्या,’’ एवढीच त्यांची मागणी असते. कुणी तिरुपतीला निघालेले असते, कुणी चारधामला, कुणी मुलाच्या आग्रहाने गोव्याला. पंधरा दिवसांनी यांतलीच काही मंडळी पुन्हा येतात, आणि आता मात्र त्यांना खरोखरच काहीतरी झालेले असते. पाय सुजलेले, लघवीला जळजळ, पोट बिघडलेले, साखर तीनशेच्या वर.

अशा वेळी तपासता तपासता मी एक प्रश्न हटकून विचारतो. ‘‘सगळ्यात काय आवडलं?’’ वाचकहो, गेली बरीच वर्षे मी हा प्रश्न विचारतो आहे आणि उत्तरे मोठी मजेदार मिळतात. ‘‘सगळंच छान होतं,’’ असे कुणी म्हणाले, की समजावे, यांना काहीही आठवत नाही. सात दिवसांत अकरा ठिकाणे बघून आलेल्या एका गृहस्थांना चौथ्या दिवशी कोणते गाव होते, हे मोबाइलमधले फोटो पाहून सांगावे लागले. उलट एका आजींनी चाळीस वर्षांपूर्वीची पंढरपूरची एक रात्र मला बारकाव्यांनिशी सांगितली. चंद्रभागेचे वाळवंट, अंगाखालची गार वाळू, शेजारच्या दिंडीतला मृदंग. एवढे का आवडले, असे विचारले तर म्हणाल्या, ‘‘सकाळी मला कुणी सयपाकाला उठिवलं नाही.’’

ठिकाण आठवणीत कशाने राहते, याचे उत्तर शास्त्रानेही शोधले आहे. आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटासा, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग असतो. नवी आठवण साठवायचे काम तो करतो आणि आपण कुठे आहोत हे ओळखायचे कामही तोच करतो. जागा ओळखणाऱ्या तिथल्या पेशी जॉन ओकीफ यांनी १९७१ साली दाखवून दिल्या. त्यांना मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या दांपत्यासह २०१४ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. विस्मरणाच्या आजारात हाच भाग लवकर झिजतो. म्हणूनच असा रुग्ण नातवाचे नाव विसरतो आणि देवळातून घरी यायचा रस्ताही चुकतो. जागा आणि आठवण ही मेंदूत एकाच घरात राहतात, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे संशोधन आम्हा डॉक्टरांच्या आणखी जवळचे आहे. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना रुग्णाला पूर्वी चांगलाच त्रास होई. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानेमन यांनी अशा रुग्णांना तपासणी चालू असताना किती दुखते ते विचारले आणि नंतर पुन्हा विचारले, की एकंदरीत किती दुखले. १९९६ साली हे प्रसिद्ध झाले. तपासणी किती वेळ चालली याचा आठवणीशी फारसा संबंध नव्हता. सर्वांत जास्त दुखले तो क्षण आणि शेवटची काही मिनिटे, एवढ्यावरच आठवण ठरत होती. (कानेमन यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्या आतड्याच्या तपासणीचा त्यात किती वाटा, ते अर्थतज्ज्ञच जाणोत.)

सहलीचेही तसेच असावे, असे माझे मत आहे. दिवस किती आणि ठिकाणे किती, याला मेंदूच्या लेखी किंमत नाही. एखादा क्षण मनात उतरावा लागतो आणि शेवट गोड व्हावा लागतो. आपण नेमके उलटे करतो. शेवटच्या दिवशी पहाटे चारला उठून तीन देवळे उरकतो आणि रात्रभर जीपमध्ये अवघडून बसून घरी येतो. मग आठवण राहते ती त्या जीपची.

आता मुद्द्याचे बोलतो. जे शरीर सतत कशाची तरी चिंता करत असते, त्याला समोरचे दिसत नाही. आमच्या भागातल्या आयाबायांना प्रवासात सतत एकच चिंता असते, ती म्हणजे लघवीला कुठे जायचे. गाडी थांबते ती पुरुषांच्या चहा-तंबाखूसाठी. आडोसा मिळेलच असे नाही, आणि मिळालेली मोरी आत जाण्यासारखी असेलच असेही नाही. मग त्या पाणीच पीत नाहीत. सकाळी अर्धा कप चहा आणि मग संध्याकाळपर्यंत कोरडे तोंड. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तीही बंद. मे महिन्याच्या उन्हात असे तीन-चार दिवस गेले, की लघवीत जंतू होतात, थंडी वाजून ताप येतो. गोळी बंद केल्यामुळे अंगावर सूज आणि धाप घेऊन आलेल्या बायाही मी पाहिल्या आहेत. अशा बाईला विचारा, देऊळ कसे होते? ती बिचारी काय सांगणार? तिने दर्शनाच्या रांगेतले चार तास पोट आवळून काढलेले असतात.

म्हणून जीप ठरवणाऱ्या घरातल्या कर्त्या पुरुषांना माझे सांगणे आहे. दर दोन तासांनी गाडी थांबेल, आणि थांबेल तिथे बायकांची सोय असेल, हे भाडे ठरवतानाच ठरवा. मुक्कामाला पोहोचल्यावर आधी संडास-बाथरूम बघा, मग देऊळ. देव रागावणार नाही.

मधुमेह असलेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण दर उन्हाळ्यात एखादा तरी असा पाय माझ्यासमोर येतो. साखरेच्या जुन्या आजारात तळपायाची जाणीव कमी होते. दुपारी बाराला देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली तरी चटका कळत नाही. रात्री मोजा काढावा तसा कातडीचा फोड निघतो आणि ती जखम महिनोन्‌महिने चालते. जाड सुती मोजे घाला आणि दर्शन सकाळी लवकर घ्या.

आणि आता केदारनाथ. या नावाने अनेकांच्या डोळ्यांत पाणी येते, ते मी जाणतो. पण हिशेब पाहा. आपण पाचसहाशे मीटर उंचीवर राहणारी माणसे. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे. गौरीकुंडापासून साधारण १६ किलोमीटरची चढण आहे आणि एवढ्या अंतरात माणूस सुमारे १,६०० मीटर वर जातो. तिथे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या दोन तृतीयांशच असतो. अडीच हजार मीटरच्या वर डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे हा त्रास धडधाकट माणसालाही होऊ शकतो. तो वाढला तर फुप्फुसात पाणी साठू शकते, आणि तेव्हा देवाचे नाव घेत थांबण्यापेक्षा ताबडतोब खाली उतरणे हाच खरा इलाज असतो. हेलिकॉप्टरने पायांचे श्रम वाचतात, पण विरळ हवा विरळच राहते. उलट शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

यात्रा म्हातारपणी करायची, हा आपला जुना रिवाज. मी या रिवाजाच्या विरुद्ध आहे. कापूस-सोयाबीन घरात आले की मुलीचे लग्न, लग्न फिटले की बोअर, बोअरला पाणी लागले की मुलाचे शिक्षण. असे करता करता साठी उलटते, गुडघे जातात, छातीत एखादा स्टेंट बसतो, आणि तेव्हा आम्ही सर्वांत अवघड डोंगर चढायला निघतो. हे उफराटे आहे. अवघड ठिकाणे चाळिशी-पंचेचाळिशीत करावीत, नवरा-बायको दोघांनी, पायांत बळ असताना. थोडे कर्ज राहिले तरी चालेल, असे मी म्हणालो तर सावकार खूश होतील, म्हणून तेवढे म्हणत नाही.

म्हातारपणासाठी जवळची ठिकाणे ठेवावीत, आणि ती आपल्याला किती म्हणून आहेत! राजूरचा गणपती, देऊळगाव राजाचा बालाजी, सिंदखेड राजाचा जिजाऊंचा वाडा, शेगाव. आपल्या राज्यातल्या एसटीत पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे.

माझे स्वतःचे आवडते ठिकाण लोणार. उल्केच्या आघाताने बेसाल्टच्या खडकात पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले आणि सगळे जग बघू लागले. त्याच वर्षी रामसर यादीत त्याचे नाव आले. मला मात्र ते आठवते वासाने. श्रावणात पहाटे काठाशी उतरले, की झाडीचा ओला वास संपतो आणि त्या खाऱ्या पाण्याचा उग्र दर्प सुरू होतो. वासाची वाट मेंदूत आठवणींच्या घरापर्यंत फार थेट जाते. आजही कुठे तसा वास आला, की मी क्षणभर लोणारला असतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली उतरू नये. काठावरून दिसते तेही पुष्कळ आहे, आणि गावातले दैत्यसूदनाचे देऊळ बघायला खड्ड्यात उतरावे लागत नाही.

अजिंठ्याला मी शिकत असताना मित्रांबरोबर गेलो, तेव्हा आम्ही दीड तासात सगळी लेणी पळत पळत ‘केली’. त्यातले मला काहीच आठवत नाही. पुढे वडिलांना घेऊन गेलो. ते निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या घरात. त्यांना डोलीत बसवून थेट सव्विसाव्या लेण्यात नेले. तिथे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती आहे. उजव्या कुशीवर निजलेले बुद्ध आणि खाली शोक करणारे शिष्य. वडील समोर अर्धा तास बसून राहिले. बाकीची लेणी बघायला त्यांनी नकार दिला. वाटेत थर्मासमधला चहा झाला, सिल्लोडला जेवलो, उजेडात घरी आलो. नंतर ते कितीतरी दिवस त्या मूर्तीबद्दल बोलत असत.

या सुट्टीत कुणाला घेऊन निघणार असाल, तर आठ दिवस आधी त्यांना दवाखान्यात आणा. आदल्या रात्री, बाहेर जीप सुरू ठेवून नको. चालू गोळ्यांची नावे पाठ नसतील तर रिकामी पाकिटे पिशवीत घालून आणा. इन्सुलिन घेत असतील तर ते गाडीच्या काचेजवळ न ठेवता ओल्या फडक्यात कसे न्यायचे, ते मी दाखवीन. आणि आईला सोबत आणलेत, तर तिला कुठे जायचे आहे ते माझ्यासमोर एकदा विचारा.