मार्चपर्यंत

कॅथरिन ब्रिग्ज या अमेरिकन बाईंची लेक इसाबेल कॉलेजात असताना क्लॅरेन्स मायर्स नावाच्या मुलाला घरी घेऊन आली. मुलगा भला होता, पण त्या घराच्या तऱ्हेत कुठे बसेना. १९१८ मध्ये दोघांचं लग्न झालं, पण त्याआधीच सासूबाई स्वभावांच्या अभ्यासाला लागल्या होत्या. कार्ल युंगचं याच विषयावरचं पुस्तक १९२३ मध्ये इंग्रजीत आलं, ते त्यांनी पोथीसारखं वाचलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेकीने त्यावरून प्रश्नावली रचली. सोळा प्रकारांची मायर्स-ब्रिग्ज चाचणी ती हीच. दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. जावई कळेना म्हणून केवढा हा खटाटोप! आपल्याकडे सासू ‘मितभाषी आहेत हो’ म्हणून मोकळी होते.

आता त्याच चाचणीची ढाल करून माझी भाची आईला तोंड देते. तुळशीचं लग्न लागल्यापासून ताईचं सुरू झालंय, ‘कुणी असेल मनात तर सांगून टाक, आमचं काही म्हणणं नाही.’ भाची म्हणते, ‘आई, मी आयएनएफपी प्रकारातली आहे, मला वेळ लागतो.’ ताई पोळी उलटत म्हणते, ‘असशील. पण गण राक्षस आहे, ते आधी सांगावं लागेल.’ पत्रिकेतल्या ३६ गुणांपैकी ६ गणाचे. देव, मनुष्य, राक्षस एवढ्या तीन प्रकारांत ताईचं जग बसतं. लेकीला सोळा लागतात. तिची चाचणी काही महिन्यांनी पुन्हा दिली, तर कित्येकांचा प्रकार बदलतो म्हणे. गण निदान जन्मभर तोच राहतो!

पण स्वभावाचा फरक घरात दिसतोच. भाचा बडबड्या. नातवंडांचा विषय निघाला की ‘आई, पाळणा ऑर्डर केलाय, डिलिव्हरी लेट आहे,’ म्हणतो आणि सुटतो. माझी एक चुलतबहीण एकदाच कडाडून भांडली. तिच्या तोंडी आता कुणी लागत नाही. भाची मात्र मोबाइल पालथा घालते, ताट उचलते आणि आत जाते. ताईच्या लेखी हा होकार. गेल्या महिन्यात तिने परस्पर एका वधू-वर मंडळात नाव घातलं. रविवारी सकाळी ‘मुलीची उंची किती?’ असा फोन आला तेव्हा भाचीला कळलं. गप्प बसणाऱ्या मुलांचंच अशा घरांत जास्त मरण होतं, असं माझं मत आहे.

आईबापांचा स्वभाव मात्र कुणी तपासत नाही. २०२२ मध्ये हरिद्वारचं एक जोडपं मुलगा-सुनेविरुद्ध कोर्टात गेलं: वर्षभरात नातवंड द्या, नाहीतर ५ कोटी रुपये. मुलाच्या वैमानिक प्रशिक्षणाचा खर्चही हिशेबात धरला होता. मी आधी हसले. मग ताईचं ‘आमचे हातपाय चालतायत तोवर’ आठवलं. तिचे गुडघे खरंच दुखतात. हातपाय थकण्याच्या भीतीबद्दल तिला कुणी विचारत नाही, म्हणून ती दुसऱ्यांची लग्नं ठरवत बसते.

परवा भाचीने चाचणीचं नावही न घेता सांगितलं, ‘मार्चपर्यंत हा विषय काढू नकोस. मार्चमध्ये मी स्वतः बोलेन.’ आवाज चढला नाही. ताई दोन मिनिटं भाजी निवडत राहिली. मग उठून कॅलेंडरपाशी गेली आणि १ मार्चला गोल केला.